अत्तरपानाची मनाई

चिंतामणराव दिवाणांना नव्या महाराजांचा राग येत नसे असे म्हणणे म्हणजे शुद्ध खोटे बोलणे. राग येई, आणि तो सकाळी कचेरीत पाऊल टाकण्याआधीच येई. कारण तोवर महाराजांचा एखादा नवा हुकूम निघालेला असे.

बोरगढी संस्थान तिरल्याच्या पलीकडे, धारपासून घोडागाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. नकाशात दाखवायला जावे तर बोटाखाली झाकून जाईल, एवढेच. थोरले महाराज संवत छप्पनच्या दुष्काळात वारले तेव्हा त्यांचे चिरंजीव उदाजीराव शाळकरी होते. तेव्हापासून सगळा कारभार चिंतामणरावांनी वाहिला. इंग्रज सरकारच्या एजन्सीने दोनदा आपला सुपरिंटेंडेंट बसवायचा बेत केला, तो त्यांनी दोन्ही वेळा गोड बोलून परतवला. आता उदाजीराव इंदूरला शिकून आले, गादीवर बसले; पण राज्याचा पूर्ण अखत्यार अजून मिळायचा होता. एजंटसाहेब स्वतः येणार, राजा पाहणार, आणि पसंत पडला तर भर दरबारात अखत्याराचा खलिता वाचणार. नाही पडला, तर सुपरिंटेंडेंट होताच तयार. एवढे एक कार्य निर्विघ्न पार पडावे, बाकी चिंतामणरावांचे देवाकडे काही मागणे नव्हते.

पण महाराजांना दम कुठला! पहिल्याच हुकमाने त्यांनी आठवड्याचा बाजार सोमवारचा रविवारी आणला. बोरगढीची गिऱ्हाइके रविवारी पिशव्या घेऊन हजर झाली. शेजारच्या राजगढचे व्यापारी ठरल्याप्रमाणे सोमवारी आले आणि रिकाम्या मैदानात हुक्के ओढत बसले. दुसऱ्या हुकमाने मुजरे बंद झाले. तेव्हापासून म्हातारे सरदार महाराजांपुढे आले की हातांचे काय करावे ते न कळून नुसते कान खाजवत उभे राहत.

मग महाराजांनी शेजारच्या दरबारांशी स्नेह जोडायचे मनावर घेतले. गादीवर बसल्याचे कळवणारे खलिते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले. धारला एक आणि देवासला एक. देवासला एक! ज्या गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये, दोन राजे, दोन राजवाडे, तिथे दोघांत मिळून एक खलिता! सांडणीस्वार रस्त्याच्या या बाजूने त्या बाजूला हेलपाटे घालून तो खलिता तसाच परत घेऊन आला.

"काका, गाव तर एकच ना?" महाराजांनी निरागसपणे विचारले.

"गाव एक आहे, सरकार. मान दोन आहेत," चिंतामणराव म्हणाले, आणि दोन नवे खलिते, दोन शेले घेऊन स्वतः देवासला निघाले. तिथे दोन्हीकडे हात जोडले, दोन्हीकडे तेच हसू हसले, दोन्हीकडची तीच थट्टा ऐकून घेतली. परत आले ते अंग मोडून आले. आणि वेशीवरच त्यांना कळले की आपल्या पाठीमागे आणखी एक हुकूम निघाला आहे: रयतेला पोटभर मिळत नसता दरबारात अत्तरपानाची चैन चालणार नाही. जो कोणी अत्तरपान पुढे करील, तो त्याच दिवशी नोकरीतून दूर.

चिंतामणरावांनी कपाळाला हात लावला. एजंटसाहेबांची भेट दुसऱ्या दिवशी होती.

ते धुळीच्या कपड्यांनिशी वाड्यात गेले. "सरकार, अत्तरपान ही चैन नव्हे. ती निरोपाची खूण आहे. यजमानाने अत्तरपान दिले की पाहुण्याने उठायचे. त्याआधी उठणे म्हणजे यजमानाचा अपमान. साहेबलोक हे पोथीसारखे पाळतात."

"साहेबांना पाय आहेत, काका. बोलणे संपले की उठतील."

"नाही उठणार."

"मग मी म्हणेन, या आता."

"साहेबाला? या आता?" चिंतामणरावांचा आवाज चढला. "त्यापेक्षा काठीच दाखवा ना!"

उदाजीराव गोरेमोरे झाले, पण हटले नाहीत. "हुकूम दवंडी पिटून दिला आहे. साहेब येताच मागे घेतला तर रयत म्हणेल, आपल्यासाठी एक कायदा आणि गोऱ्यांसाठी दुसरा."

बोलणे खोटे नव्हते, हेच तर दुखणे होते. पोरगा मूर्ख असता तर चिंतामणरावांना रात्री झोप तरी लागली असती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तोफा झाल्या, बैठक झाली, कुशल झाले. थंडी यंदा बरी आहे, असे साहेब म्हणाले. महाराज हो म्हणाले. गहू, शिकार, तिरल्याचा रस्ता, घोड्यांचे आजार, सगळे बोलून झाले. मग कोणी काही बोलेना. साहेब दाराकडे पाहत. महाराज साहेबांकडे पाहत. सरदार सतरंजीकडे पाहत. साहेबांनी पुन्हा थंडीचा विषय काढला. महाराज पुन्हा हो म्हणाले. साहेबांचे कान लाल होऊ लागले होते. त्यांना संध्याकाळी धारला मेजवानीस पोचायचे होते, आणि हा पोरगा आपल्याला मुद्दाम अडकवून ठेवतो आहे अशी त्यांची खात्री पटत चालली होती.

त्यांचा मुन्शी चिंतामणरावांच्या कानाशी लागला. "दीवानसाहब, ये क्या तमाशा है? साहब ने कह दिया है, खलिता बस्ते में ही रहने दो."

चिंतामणराव तडक उठले. ते मागच्या दालनात गेले. तिथे अत्तरदाणीचा जुना हुजऱ्या गणोजी हात बांधून उभा होता. "गणोजी, तबक काढ."

"दीवानजी, म्हारे तो नौकरी प्यारी हे," गणोजी रडवेला होऊन म्हणाला. "छोरा-छोरी भूखा मरेगा."

"बाजूला हो मग."

चिंतामणरावांनी कपाट स्वतः उघडले. विडे नव्हतेच, देवघरातून महाराजांच्या आईसाहेबांचा नैवेद्याचा विडा मागून आणला. तबक दोन्ही हातांनी धरून ते भर दरबारात आले आणि महाराजांसमोर उभे राहिले. महाराजांनी तबकाकडे पाहिले, मग त्यांच्याकडे, आणि हात मांडीवरून उचलला नाही. तेव्हा चिंतामणराव वळले. "महाराजांच्या वतीने," असे म्हणून त्यांनीच साहेबांच्या रुमालाला अत्तर लावले, हातात विडा ठेवला.

साहेबांनी असा सुस्कारा सोडला की मागच्या रांगेतही ऐकू गेला. ते उठले, हसले, महाराजांचा हात हातात घेऊन हलवला. मुन्शीने बस्ता उघडला. खलिता वाचला गेला. तरुण राजाने जुन्या रीतीभाती राखल्या याबद्दल साहेबांनी दोन शब्द जास्तच सांगितले, आणि गाडी धारच्या रस्त्याने धुरळा उडवत गेली.

दरबार तसाच उभा होता. खुशीने ओरडावे की गप्प राहावे, कोणालाच कळत नव्हते.

"काका," उदाजीराव हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही माझा हुकूम मोडलात."

"मोडला, सरकार."

"तुम्ही नसता तर आज राज्य गेले असते. मला कळते ते. मी माफ केले."

चिंतामणरावांचा इतक्या दिवसांचा संताप एकदम वर आला. "माफ? तो गणोजी पोराबाळांच्या भीतीने तिकडे थरथरत उभा राहिला, आणि दिवाणाला माफी? सकाळपर्यंत तुमचा हुकूम म्हणजे पोरखेळ होता, कारण अखत्यार नव्हता. आता आहे. पहिल्याच दिवशी ओळखीच्या माणसाला सोडलेत, तर उद्या तुमचे ऐकणार कोण? हुकूम चुकीचा असेल तर उद्या रद्द करा. पण आज तो आहे. लिहा."

"मला नाही लिहिता येणार."

"मग मी सांगतो, तुम्ही सही करा."

कारकुनाने कागद आणला. चिंतामणरावांनी स्वतःच्या बडतर्फीचा मजकूर शांतपणे सांगितला आणि एक शब्द चुकला तो कारकुनाकडून दुरुस्तही करून घेतला. उदाजीरावांनी टाक उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. अखेर सही झाली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचे त्यांना सुचले नाही.

"काका, तुम्ही कुठे जाणार?"

"देवासला. दुर्गा आहे तिथे, लेक. बरेच दिवस बोलावते आहे."

"आणि मला काही अडले तर?"

चिंतामणराव दारापर्यंत गेले होते. ते वळले, आणि त्या पोराकडे पाहून त्यांना पुन्हा तोच जुना राग आला.

"अडले तर अडा, महाराज," ते म्हणाले. "राज्य आता तुमचे आहे."