आईला विचारलं तेव्हा

एकाहत्तरच्या दिवाळीत मी काष्टीला घरी आले ती हाडांची पेटी घेऊन. पुण्याला डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होते आणि सुट्टी संपताच परीक्षा होती. आईने पेटीत काय आहे ते बघितलं आणि मला पेटीसकट गोठ्यात पाठवलं. मग काय, म्हशींना ऐकवत पाठांतर सुरू केलं.

संध्याकाळी दादा, म्हणजे माझे वडील, धार काढायला आले. फौजेतून हवालदार होऊन परतलेला, पन्नाशीतही ज्वारीचं पोतं एकट्याने उचलणारा माणूस. माझ्या हातातल्या मांडीच्या हाडाकडे ते बघत राहिले.

"कुनाचं हाय गं ह्ये?"

"असेल कुणा बेवारशाचं. कॉलेजात तीच प्रेतं येतात."

"त्याला जित्यापनी इचारलं हुतं का?"

मला हसू आलं. दादांना आलं नाही. बादली खाली ठेवून त्यांनी लढाईची एक गोष्ट सांगितली, जी घरात कधी निघाली नव्हती. लढाई संपल्यावर इटलीत पलटणीच्या डॉक्टरने त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं होतं. हिटलरच्या राज्यात तुरुंगात माणसांची मुंडकी उडवायचे आणि धडं थेट मेडिकल कॉलेजात जायची. प्रोफेसर लोकांची चंगळ झाली. एकाला तर सांगाड्यांचा संग्रह करायचा होता, त्यासाठी ज्यू बाया-पुरुष निवडून मारले.

"शिकलेली मानसं हुती ती," दादा म्हणाले. "कुनी कुनाला इचारलं न्हाई. सुमे, माज्या मागं माजं मढं तुज्या कॉलेजाला दे. मी सोता सांगतोय."

मी हातातलं हाड जपून पेटीत ठेवलं. लाज वाटली मला.

पण देहदानाच्या कागदावर आईचीही सही लागणार होती, आणि आई म्हणाली, "न्हाई." तीन दिवस तेच म्हणत होती.

दादा हार मानणारे नव्हते. आमच्याकडे चार माणसांत सुपारी फुटल्याशिवाय शब्द पक्का होत नाही. त्यांनी भावकीत निरोप धाडला, "रविवारी सुपारी हाय, या." कशाची, ते सांगायचं राहिलं. सगळ्यांनी माझं लग्न ठरलं असं धरून घेतलं. राहीआत्या तर माझ्यासाठी हिरवं लुगडं घेऊन आली.

"पोरगा कुटाय?" तिने टेकायच्या आधीच विचारलं.

"ह्यो काय," म्हणत दादांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. मग आत्यालाच हसू फुटलं आणि मागोमाग अख्खं अंगण हसायला लागलं.

दादांनी सुपारी आईपुढे ठेवली. "गोजर, बोल."

आई म्हणाली, "माजी सुपारी फुटली तवा मी अकरा वर्साची हुते. परसात सागरगोटे खेळत हुते. मला कुनी इचारलं न्हाई."

हसणं थांबलं. दादांची मान खाली गेली.

"न्हाई इचारलं," ते म्हणाले. "आज इचारतोय. न्हाई म्हनलीस तर कागद मागवत न्हाई, आन मंडळींना जेवाय वाढतो."

आईने सुपारी उचलली आणि कनवटीला खोचली. "फोडीन, न्हाईतर न्हाई फोडनार. माजं मी ठरवीन."

सुपारी न फुटताच पंगत बसली. दादांना मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. पुरणपोळ्या स्वतः वाढत फिरत होते, नको म्हणणाऱ्याच्या पानातही टाकत होते. आत्याने लुगडं परत नेलं नाही, आईला नेसवलं.

पंधरा दिवसांनी पुण्याला पोस्टकार्ड आलं. अक्षर दादांचं होतं, बोलणं आईचं.

"सुमे, आज सकाळी सुपारी फोडली. कागद दोन पाठव. एक ह्यांचा, एक माजा."