डाव्या गुडघ्याचा इतिहास

मी पाहुण्यांना जो इतिहास सांगतो, त्यातला निम्मा पुस्तकातला आहे आणि निम्मा माझ्या डाव्या गुडघ्यातला.

मी पायी सहलींचा वाटाड्या आहे. तीन दिवस समुद्राकाठच्या कड्यांवरून, दोन दिवस वरच्या माळरानावरून. सामान गाडीने पुढे जातं, पाहुणे चालत येतात आणि मी त्यांच्या पुढे काठी घेऊन असा चालतो, जणू समुद्र मीच सकाळी भरून ठेवलाय. सात वर्षांपूर्वी गुडघा पहिल्यांदा कुरकुरला. चढ संपला की त्याला थोडा वेळ द्यावा लागे. पण वाटाड्यानेच ‘थांबा हो, पाय दुखतोय’ म्हटलं तर पाहुण्यांनी कुणाच्या भरवशावर चालायचं? म्हणून मी एखाद्या पडक्या भिंतीकडे काठी रोखायचो आणि इतिहास सुरू करायचो. दुखणं वाढत गेलं तशा लढायाही वाढत गेल्या. एका पाहुण्याने अभिप्रायात ‘वाटाड्याचा व्यासंग थक्क करणारा’ असं लिहिलं, ते मी कापून पाकिटात ठेवलं. बायकोला दाखवलं तर म्हणाली, “त्यांनी तुम्हाला एकदा दुकानातून तीन वस्तू आणायला पाठवून बघायला हवं होतं.”

कंपनी माझ्या मेहुणीची, बायकोच्या धाकट्या बहिणीची. सुरू केली ती तिने आणि तिच्या नवऱ्याने मिळून. माझा हा साडू जवळजवळ आठ वर्षांपूर्वी एका सकाळी ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून गेला, तो गेलाच. महिन्याने कुठल्याशा बंदरावरून कार्ड आलं : मी बरा आहे, शोधू नका. धाकटीने कार्ड खणात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सहलींचं वेळापत्रक छापायला पाठवलं. त्यानंतर ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. बाई खंबीर आहे, चांगली सावरली, असं मी चारचौघांत सांगायचो. माणूस ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं माझं स्वतःबद्दल मत होतं.

तर यंदा सहल निघायच्या आदल्या दिवशी धाकटी म्हणाली, “भाऊजी, या खेपेला मीपण येते चालायला.”

माझी पाचावर धारण बसली. आमच्याकडे अंग साथ देईनासं झालं की वाटाड्याला आत घेतात. माझ्या आधीचा वाटाड्या कमरेतून गेला. तो आता मागच्या खोलीत बसून नकाशांना पिना मारतो आणि फोनवर लोकांना मोजे किती आणायचे ते सांगतो. त्याच्या शेजारी एक खुर्ची रिकामी आहे. मी त्या खोलीत गेलो की तो ती खुर्ची प्रेमाने पुसतो.

त्या खुर्चीत बसायचं नाही, एवढं मी ठरवलं. म्हणजे धाकटीला गुडघा दिसता कामा नये. म्हणजे थांबायचं नाही! आणि पहिल्या दिवशी मी असा सुटलो की बिचारे पाहुणे कड्यावरच्या वाटेने माझ्या मागे अक्षरशः पळत होते. जुनं दीपगृह आलं, गेलं. चाच्यांची गुहा (ही माझीच) आली, गेली. पाहुण्यांत एक निवृत्त पोस्टमास्तर होते, आमच्या सहलीला चौथ्यांदा आलेले. ते धापा टाकत म्हणाले, “अहो, चाचे राहिले!”

“उद्या, उद्या,” मी म्हणालो, जसे काही चाचे परतीच्या वाटेवर भेटणार होते.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत शिरलो की दार लावून घ्यायचो, बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवायचो आणि टॉवेल तोंडात धरायचो. जेवायला खाली उतरताना मात्र शीळ घालायचो. धाकटी जिन्याखाली उभी राहून बघत असायची. तिला माझ्या चपळाईचं कौतुक वाटतंय असा मी अर्थ काढला.

चौथ्या दिवशी माळरान. वर धुकं होतं, पायाखाली भिजून मऊ झालेलं गवत. माळाच्या मध्यावर पुरुषभर उंचीचा एक दगड एकटाच उभा आहे. माझ्या सगळ्या इतिहासातलं हे हुकमी पान. आज मी त्याच्याकडे मान वळवूनसुद्धा न बघता पुढे निघालो.

“भाऊजी, थांबा,” धाकटी मागून म्हणाली. “इथली गोष्ट सांगा.”

“उशीर होईल गं.”

“होऊ दे. मी त्यासाठीच आलेय.”

मालकीणबाईंचा हुकूम. शिवाय गुडघ्याचा जीव भांड्यात पडला. मी दगडाला टेकलो आणि सुरू झालो. एक मेंढपाळ होता. धुक्यात वाट चुकला, परत आला नाही. लोक म्हणाले, मेला किंवा पळाला. त्याची बायको रोज संध्याकाळी या दगडापाशी कंदील घेऊन उभी राहायची. “आणि अकरा वर्षांनी,” मी आवाज खाली आणला, “एका संध्याकाळी तो समोरून चालत आला.”

“आठ,” धाकटी म्हणाली.

“काय?”

“आठ वर्षांनी. आपल्या पत्रकात आठ छापलंय. तुम्हीच लिहून दिलं होतं.”

“मी पहिल्यांदा आलो तेव्हा पाच होती!” पोस्टमास्तर आनंदाने ओरडले. “माझ्या वहीत आहे.”

सगळे हसले. मीही हसलो, चोरी पकडली गेली की हसतात तसा. हसली नाही ती एकटी धाकटी. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट बघितला.

“खरी किती?” तिने विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या महिन्यात साडूला जाऊन आठ वर्षं पूर्ण होणार होती.

दहा-बारा थापा तोंडाशी आल्या. ‘आठच, माझी जीभ घसरली,’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, गुडघाही वाचला असता आणि नोकरीही. पण मग आठ झाल्यावर काय? तिने आणखी कशाची वाट बघायची?

“वर्षं नाहीत ती,” मी म्हणालो. “मिनिटं आहेत. माझा गुडघा निवळायला लागायची तेवढी. आधी पाच पुरायची, मग आठ, आता अकरा लागतात. मेंढपाळ नव्हता. बाई नव्हती. सगळं मी पदरचं घातलंय.”

पाहुण्यांना हाही विनोदच वाटला. मग पोस्टमास्तरांनी वही मिटली.

धाकटीने मला बाजूला घेतलं. “गुडघ्याचं मला कधीचं माहितीये,” ती हळू आवाजात म्हणाली. “जिना उतरताना कठडा धरता तुम्ही. आणि शीळ घालता. म्हणून तर ही सहल दुसऱ्या कुणाला दिली नाही. इथे थांबायला जागा आहेत.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“त्यांना जाऊन पाच वर्षं झाली आणि पत्रकात आठ आलं,” ती म्हणाली. “मला वाटलं, माझीच ऐकण्यात चूक झाली असेल. म्हटलं, अजून तीन तर आहेत.”

“तू मला विचारायचंस तरी.”

“काय विचारणार होते, भाऊजी?”

मी तिची क्षमा मागितली. तिने नाक पुसलं आणि पाहुण्यांना हाक दिली. उरलेला माळ आम्ही माझ्या चालीने पार केला, म्हणजे फारच सावकाश.

पुढच्या सहलीच्या सकाळी ऑफिसात एका पाहुण्याच्या बुटाचा तळ निघाला. आम्ही भाड्याने बूट देतो, पण त्याच्या मापाचे शिल्लक नव्हते. धाकटी आत गेली. वरच्या फळीवरून साडूचे बूट काढून घेऊन आली. चामडं मऊ होतं, तेल लावलेलं, नाड्या नव्या. आठ वर्षांत ते बूट तिने कुणाला दिले नव्हते, आणि त्यांना तेल लावते हेही आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं.

“हे घालून बघा,” ती त्या पाहुण्याला म्हणाली.

त्याला ते अगदी बरोबर बसले. तिने वहीत नोंद केली आणि मला म्हणाली, “निघा आता. आणि जिथे दुखेल तिथे दुखतंय म्हणून सांगा.”