दिवसांवरचा अनुस्वार

माझी बायको छापखान्यात प्रुफं वाचायची. मी तिथेच बाइंडिंगला. तिला जाऊन आठ महिने झाले. लोक तिच्या आजारपणाचं विचारतात. मला मात्र तो एक शुक्रवार सांगावासा वाटतो.

आजार मेंदूचा होता. हात थरथरायचा, उत्तर द्यायला वेळ लागायचा. डॉक्टर म्हणाले होते, "मेंदूत डोपामीन नावाचं रसायन असतं, ते यांना कमी पडतंय. विचार सावकाश चालतो, पण समज शाबूत आहे. गल्लत करू नका."

मालकांनी तीच गल्लत केली. "बाईंबद्दल आदर आहे, पण काम खोळंबतंय. शुक्रवारी दोघींना एकच प्रूफ देतो. नाही जमलं, तर खुर्ची तुफानची."

तुफान म्हणजे नवी मुलगी. तिच्या वाचण्याने पानाला वारा लागायचा.

घरी बायको म्हणाली, "अहो, तोंड पाडू नका. अजून काढलं नाही मला."

शुक्रवारी औषधाच्या माहितीपत्रकाचं दुसरं प्रूफ आलं. मूळ प्रतीशी ताडून झालंय म्हणून ती प्रत दिलीच नव्हती. तुफानने वीस मिनिटांत अकरा चुका काढल्या. हिचं बारा वाजले तरी चाललेलंच. मी खळीचा डबा हातात घेऊन उगाच तिच्या टेबलाशी घुटमळत होतो. तिचं बोट एकाच ओळीवर होतं : 'गोळी दिवसांतून दोनदा घ्यावी.'

"काकू, तो अनुस्वार उडवा की," तुफान म्हणाली. "मी केव्हाच उडवला. दिवस एकच आहे."

बायकोचं बोट त्या ओळीवरून हललं नाही. मालकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "दिवस एकच... तर ठिपका आला कुठून?"

"जुन्या लोकांची सवय," मालक म्हणाले.

"टाइप करणारा... पंचविशीचा आहे. त्याला कुठली जुनी सवय? मूळ प्रत काढा."

प्रत कपाटातून निघाली. तीत होतं : 'गोळी दोन दिवसांतून एकदा घ्यावी.' टाइप करणाऱ्याच्या बोटांना 'दिवसातून दोनदा'चाच सराव. त्याने वाक्य फिरवलं, ठिपका तेवढा मूळचा राहिला. ताडणाऱ्यालाही ते दिसलं नाही. तसंच छापलं असतं, तर माणसांनी चौपट गोळ्या खाल्ल्या असत्या.

तुफानने कपाळाला हात लावला. "काकू, मी तर पुरावाच पुसला हो!"

मालक उठून टेबलाशी आले. "बाई, यापुढे तुमच्या सहीशिवाय एक कागद मशीनवर जाणार नाही. लागेल तेवढा वेळ घ्या."

"तो तर... घेणारच आहे," ती म्हणाली, आणि सगळा छापखाना हसला. मी सगळ्यांत मोठ्याने.

पुढे चार वर्षं ती खुर्ची तिचीच होती. तुफान आपलं वाचून झालं की कागद तिच्यापुढे ठेवायची आणि शेजारी बसून थांबायची. घाई करा असं तिला पुन्हा कोणी म्हटलं नाही.