शेऱ्यांनी सुधारलेले साहेब

माझी नात कॉलेजात मुलांना लिहायला शिकवते. म्हणजे बाराखडी नव्हे. आपलं म्हणणं समोरच्याला पटेल असं कागदावर कसं मांडायचं, ते. संशोधनही त्यातच चाललंय तिचं: मास्तरांनी समासात लाल शेरे मारले की मुलं पुढचा मसुदा सुधारतात, की नुसतीच मास्तरांना शिव्या घालतात? घरात तिच्यासमोर वाणसामानाची यादी टाकायची चोरी झालीय. एकदा माझ्याकडून 'साबण' दोनदा लिहिला गेला, तर समासात शेरा: 'पुनरुक्ती. हेतू स्पष्ट करा.'

तर झालं काय, कॉलेजच्या मोठ्या साहेबांच्या मनात आलं, की हा लेखनाचा वर्ग बंद करायचा. वर्ग बंद म्हणजे नातीची नोकरीही बंद. पण नियम असा, की आधी शिकवणाऱ्याचा अभिप्राय घ्यायचा आणि मगच प्रस्ताव मंडळापुढे ठेवायचा. म्हणून साहेबांनी तो नातीकडे पाठवला. मी वाचला. खोटं नाही सांगत, पहिलं वाक्य सुरू झालं तेव्हा मी चहा टाकला. चहा उकळला, पिऊन झाला, कप विसळून झाला, तरी क्रियापद यायचं होतं. 'उपरोक्त विषयास अनुसरून, सबब, तथापि' करत साहेब जे निघाले, ते पानभर कुठेच पोचले नाहीत.

नातीने वाचायला घेतला आणि तिचा हात आपोआप लाल पेनाकडे गेला.

"अगं, अभिप्राय मागितलाय," मी म्हटलं. "वर्ग बंद करू नका, असं लिही."

"लिहिते गं. पण हे बघ ना, मुद्दा शेवटच्या ओळीत लपवलाय! आणि पुरावा कुठाय?"

समास लालेलाल झाला. 'मुद्दा आधी मांडा.' 'हे कशावरून?' 'समोरचा काय म्हणेल, याचा विचार केलात का?' त्या नादात स्वतःचं म्हणणं लिहायचं राहूनच गेलं, आणि पाकीट रवाना. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आता साहेब हिला उद्याच घरी बसवणार.

तर दोनचार दिवसांनी साहेबच दारात! हातात नवा मसुदा.

"मॅडम, इतकी वर्षं लिहितोय," मसुदा पुढे करत ते म्हणाले, "पण माझं कोणी शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं हो. जरा बघता का, आता जमलंय का?"

तिथून जे सुरू झालं! साहेब मसुदे आणतायत, नात शेरे मारतेय. 'सबब' गेलं, 'तथापि' गेलं. ती म्हणाली आकडे द्या, त्यांनी आकडे आणले. ती म्हणाली, विरुद्ध बाजू मांडून मग खोडा. त्यांनी नातीचीच बाजू तिच्यापेक्षा झकास मांडली आणि मुळापासून उखडली. शेवटी सगळा प्रस्ताव एका पानात बसला. इतका नितळ, की वाचून माझंही मत झालं, बंदच करावा हा वर्ग.

"अगं, तुझ्याच मानेवर पडायच्या सुरीला धार लावून देतेयस तू!"

"पण काय सुधारलेत ते, आजी! इतका चांगला विद्यार्थी मला आजवर मिळाला नव्हता."

"मग एखादा चुकीचा शेरा मार की."

"विद्यार्थ्याला फसवू?" डोळ्यांत पाणी होतं तिच्या. नोकरी चाललीय, हे तिलाही दिसत होतं. तरी तिने खाली लिहिलंच: 'उत्तम. काहीही बदलू नका.'

मंडळाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी साहेब तो कागद न्यायला आले, तेव्हा नात वर्गावर होती. मी त्यांना चहा दिला, कागद दिला. शेरा वाचून ते लाजून लाल झाले.

"छान झालंय हो," मी म्हटलं. "अगदी पोरं लिहितात तसं सोपं."

साहेबांचा कप हवेतच थांबला. "पोरं?"

"मला मेलीलासुद्धा सगळं कळलं, म्हणजे बघा! नाही, चांगलंच आहे. फक्त एवढ्या हुद्द्याचा माणूस आणि एवढुसं पान? मंडळाला वाटायचं, साहेबांकडे सांगण्यासारखं इतकंच होतं."

"बरंच होतं हो, आजी. मॅडमनी काढायला लावलं. कॉलेजचा सगळा इतिहास होता त्यात." मग हळूच म्हणाले, "माझं बालपणही होतं."

"अगबाई! बालपण काढलंत?"

साहेब अर्धं बिस्कीट बशीत टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी मंडळापुढे जे आलं, ते दोन शिपायांनी उचलून आणलं. नात म्हणते एकानेच आणलं. पण तिला वर्णन कुठे जमतं? साहेब वाचायला लागले. त्यांचा जन्म होईस्तोवर खजिनदार घोरायला लागले होते, आणि ते शाळेत जायच्या आतच अध्यक्ष म्हणाले, "फार सखोल आहे. पुढच्या बैठकीत घेऊ." पुढच्या बैठकीत साहेब दुसरीत गेले. वर्ग चालू आहे.

नातीला मात्र नोकरी वाचल्याचा धड आनंदही होईना. "इतका सुधारलेला माणूस एकदम घसरला कसा?" शेऱ्यांचा परिणाम ऐन शेवटच्या टप्प्यावर का पुसला जातो, यावर तिने प्रबंधात आख्खं प्रकरण घातलंय. जाणकार म्हणे फार वाखाणतात.

आणि साहेबांना आता कळलंय, आपली खरी कदर कोणाला आहे ती. दर रविवारी नवी पानं घेऊन येतात आणि मला मोठ्याने वाचून दाखवतात. मी खुर्चीत डोळे मिटून बसते.

"आजी, झोपलीस का?" नात आतून ओरडते.

"नाही गं," मी म्हणते, "पटतंय मला."