दुसऱ्याच्या बोटीत दाबलेलं बटण

त्या शनिवारी डॅडींनी टोमॅटोची सँडविचेस जरा जास्तच बांधून घेतली, कारण आम्हा बापलेकींबरोबर डॉयलकाका येणार होते. "तो माणसासारखा खात नाही, गिरणीसारखा खातो," म्हणत त्यांनी मेयोनीजची अख्खी बाटलीच डब्यात ठेवली. जुलै होता. धरणाच्या तलावावर हवा ओल्या घोंगडीसारखी बसली होती.

जुलैत मोठे बास मासे काठ सोडून खोल पाण्यात उतरतात, हे आमच्या टेनेसीत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बुडालेल्या नदीच्या जुन्या पात्राच्या कडेला, एखाद्या रस्त्यापाशी, पुलापाशी, भिंतीपाशी ते जमतात. पण नेमके कुठे, हे ज्याचं त्याच्यापाशी. डॅडींची जागा म्हणजे त्यांच्या आईचं माहेर. धरण झालं तेव्हा लाकडी घर उचकटून नेलं, दगडी जोतं खालीच राहिलं. ते डॅडींना यंत्रानं सापडलं नव्हतं. त्यांची आई सांगायची की ओसरीवरून चर्चचा मनोरा बरोबर दोन टेकड्यांच्या खाचेत दिसायचा, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्रुइटांच्या धान्यकोठाराच्या डोक्यावर पाण्याची टाकी. मनोरा, कोठार, टाकी, सगळं उंचावर, म्हणून अजून उभं. डॅडींनी दोन्ही रेघा जुळवल्या, दोरीला शिसं बांधून खाली सोडलं, आणि ते दगडावर टक्कन आपटलं.

तीस वर्षं मित्र असलेल्या डॉयलकाकांनाही त्यांनी ती जागा दाखवली नव्हती. त्या दिवशी दाखवली.

"व्हर्लन, बायकोसुद्धा कुणी इतकी लपवत नाही रे!" डॉयलकाका म्हणाले.

"बायको कोण पळवतंय? जागा पळवतात," डॅडी म्हणाले. "खिशातलं यंत्र खिशातच राहू दे."

"आईशप्पथ."

शपथेची खरं तर गरज नव्हती. दुसऱ्याच्या बोटीत बसून त्याची सँडविचेस संपवावीत, त्याचं लाडकं आमिष पाण्यात घालवावं, सगळं चालतं. त्याच्या जागेवर आपल्या जीपीएस यंत्राचं बटण दाबून खूण नोंदवायची नाही. आमच्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही.

दुपारी घरोघरी एसी लागले की धरणातून वीज काढायला पाणी सोडतात. तलावाच्या तळाशी ओढ लागते, आणि जोत्याच्या आडोशाला बास प्रवाहाकडे तोंड करून उभे राहतात. डॅडींनी पहिला मासा काढून बोटीतल्या पाण्याच्या टाकीत टाकला. "पहिला कधी सोडायचा नाही, आयडा. तो खाली जाऊन सगळ्यांना घेऊन जातो." मग डॉयलकाकांच्या गळाला चांगलाच मोठा लागला. ते वाकले, ओरडले, हसले, आणि त्या गडबडीत त्यांच्या शर्टाच्या खिशात बारीकसं टिंग झालं.

डॅडींचा हात थांबला. क्षणभरच.

"सँडविच खा, डॉयल," ते म्हणाले. 

पुढच्या गुरुवारी ते एकटेच गेले आणि तासाभरात परत आले. जागेवर पाच बोटी होत्या. मधोमध डॉयलकाका उभे राहून परगावच्या लोकांना गळ कसा टाकायचा ते शिकवत होते.

"त्यानं मला हात केला गं," डॅडी म्हणाले. ओसरीवरच्या खुर्चीत बसले ते बसलेच. संध्याकाळी मी जेवायला हाक मारायला गेले, तेव्हा ते गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. डॉक्टरांशी मी वाद घातला नाही.

अंत्यविधीला डॉयलकाकांनी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं, "व्हर्लननं जाता जाता आपली जागा माझ्या ओंजळीत टाकली." बायकांनी डोळे पुसले. दाराशी मी त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, "आलात, बरं वाटलं." आमच्याकडे असंच म्हणतात.

या जुलैत त्यांनी डॅडींच्या नावानं स्पर्धा ठेवली. फोन आला, "पोरी, कप तुझ्याच हातून द्यायचा हं."

"येते ना, काका."

मी आले, पण धक्क्यावर नाही. उजाडता उजाडता डॅडींची बोट काढली, मनोरा खाचेत आणला, टाकी कोठाराच्या डोक्यावर आणली आणि नांगर टाकला. जो आधी पोचला त्याची जागा, बाकीच्यांनी गळाच्या टप्प्याबाहेर थांबायचं, हाही न सांगता पाळायचा नियम. डॅडींच्या नावाचा कप त्यांच्याच आईच्या जोत्यावरून डॉयलकाका जिंकणार नव्हते. मला एवढंच हवं होतं.

दुपारी ते आले. मागे आणखी तीन बोटी.

"अगं आयडा! चुकून इथे नांगर टाकलास का?"

"नाही."

"लाडके, स्पर्धा आहे आज. जरा सरक. तुझ्या वडिलांसाठीच चाललंय ना हे?"

"त्यांच्यासाठीच बसलेय, काका. सँडविच खाता?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. डॉयलकाका हसले नाहीत. तेवढ्यात पाण्याला ओढ लागली आणि माझी बोट दोरावर ताणली गेली. मी प्रवाहाच्या वरच्या अंगाला गळ टाकला, जोत्यावरून ओढत आणला. काठी वाकली. बराच वेळ खेळवल्यावर वर आला तो मासा माझ्या मांडीएवढा होता.

"टाकीत टाक! टाकीत!" डॉयलकाका जवळजवळ किंचाळले. "सोडू नकोस गं, सगळे जातील!"

"मी कुठे स्पर्धेत आहे? ठेवून काय करू?"

माशाचा जबडा धरलेला हात मी पाण्यात बुडवला आणि मूठ उघडली. ते बोटीतल्या, खालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर वाकले. मी दुसरा काढला, सोडला. तिसराही. मग गळाला काही लागेना. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं की पडद्यावर नुसती जोत्याची भिंत उरली आहे.

"व्हर्लनला हे आवडलं नसतं," ते हळू म्हणाले.

"त्यांना बरंच काही आवडलं नव्हतं. बोलले नाहीत."

बाकीच्या बोटींची इंजिनं बंद झाली होती. पाण्यावर आवाज लांबवर जातो. जावा म्हणूनच मी उभी राहिले.

"ही जागा त्यांनी तुमच्या ओंजळीत टाकली नव्हती. तुमच्या खिशातलं टिंग त्यांनी ऐकलं होतं, मीही ऐकलं होतं. तुम्ही चोर आहात, डॉयलकाका."