गोदाबाईचा श्रावण

तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडं वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. मग काय, अठरा वर्षं गोदाबाईच्या तिवशाच्या वावराकडं ढुंकूनही न पाहणाऱ्या तिच्या चुलतभावाला, खुशालरावाला, एकाएकी त्या काळ्या मातीचा पुळका आला! अकोल्याचा वकील घेऊन तो अमरावतीच्या कचेरीत उभा राहिला. म्हणे, जानरावकाकांनी लेकीला वावर लिहून दिल्याचा कागद बनावट आहे.

कागदावर मिती होती श्रावण वद्य अमावास्या. त्या वर्षी जानराव काशीला गेले आणि राखीच्या दिवशी घरी परतले, हे दोन्ही बाजूंना कबूल होतं. कचेरीतल्या गोऱ्या साहेबानं मुन्शी ओमप्रकाशला मिती इंग्रजी तारखेत उतरवायला लावली. मुन्शी प्रयागकडचा, हिशेबाला पक्का. बोटांवर मोजून त्यानं सांगून टाकलं, ही अमावास्या राखीच्या पंधरा दिवस आधीची. काशीतला माणूस तिवशात सही कशी करील? कागद खोटा!

वावर तर जातच होतं, वर मेलेला बाप लबाड ठरत होता. पण रडत बसेल ती गोदाबाई कसली! पदर खोचून ती पुढं झाली.

"साहेब, मले वाचता येत नाही. पण आमच्या इकडं श्रावणातल्या अमावास्येले पोळा असते, राखी झाल्यावर. मुन्शीजीले इचारा, मांगच्या साली पोळ्याची सुट्टी कवा देल्ली?"

कचेरीत खसखस पिकली. साहेबानं सुट्ट्यांची वही मागवली. राखीनंतर पंधरवड्यानं नोंद होती, 'श्रावण अमावास्या, पोळा, कचेरी बंद'. खाली सही खुद्द मुन्शीची!

मुन्शीनं कपाळावर हात मारला. माणूस सच्चा; त्यानंच साहेबाला समजावलं, की आमच्या मुलखात महिना पौर्णिमेला संपतो, इथं अमावास्येला. म्हणून इथला श्रावण वद्य म्हणजे आमचा भादवा. चूक माझी, कागद खरा. वकील आपलं पागोटं सावरत राहिला आणि खुशालराव जो सटकला, तो पुन्हा दिसला नाही.

वावर गोदाबाईचंच, असा निकाल झाला. निकालाखाली मिती घालायला मुन्शीनं टाक उचलला आणि थबकला. त्याच्या पंचांगात वैशाख लागला होता. त्यानं गोदाबाईकडं पाहून अदबीनं विचारलं, कोणता महिना लिहू?

"चैत," ती म्हणाली. "आमचा चैत."

आणि मुन्शीनं तोच लिहिला.