तुमच्या गळ्यातल्यासारखीच

“प्रत्येक मण्यामागे गाठ मार,” नणंदेने सांगितलं, आणि दोऱ्याच्या सैल फासात टाचणी घालून तो फास थेट मण्याच्या तोंडाशी नेला. तिथे टाचणी काढून घेतली आणि गाठ आवळली. “अशी. म्हणजे कधी तुटलीच, तर एखादा मणी जाईल. नाहीतर घरभर सडा.”

“हो ताई, कळलं.”

कळलं होतंच. पहिली माळ तिने नणंदेच्या शेजारी बसून तशीच ओवली. तांबूस अकीक, मध्ये स्फटिक, पुन्हा अकीक, आणि दर मण्यामागे गाठ. बोटांची सालटं निघायची वेळ आली. एका माळेत सबंध दुपार गेली. मग नणंद चहा पिऊन आपल्या घरी गेली आणि टेबलावर उरल्या खड्यांनी भरलेल्या वाट्या, नि पालकसभेत सगळ्यांसमोर दिलेला शब्द.

शब्द तसा कुणी मागितलाच नव्हता. शाळेच्या वाचनालयाचं छत गळत होतं, त्यासाठी विक्री ठरली होती. कुणी केक म्हणत होतं, कुणी रोपं, कुणी विणलेल्या टोप्या. एक आई तिच्याकडे वळून गोड हसत म्हणाली, “तुम्हाला कुठे जमायचं, तुमचं बाळ अजून रांगतंय.” तेवढ्यावर हिचा हात वर गेला. “मी खऱ्या खड्यांच्या माळा करीन. टेबलभर!”

दुसरी माळ तिने बिनगाठीची ओवली. सर्रकन झाली. दिसायलाही जास्तच सुबक, मण्याला मणी चिकटलेला. तिसरीत शिकणारी मोठी मुलगी शेजारी बसून मणी निवडून देत होती.

“आई, गाठी?”

“बारीक मण्यांना नाही लागत.”

मोठीने हातातला मणी उजेडात धरून बघितला. पहिल्या माळेच्याच वाटीतला होता तो. पुढचा मणी तिने आईच्या हातात ठेवला.

आता ही बाई निष्काळजी म्हणावी, तर तसंही नाही. धाकटा दिसेल ते तोंडात घालायचा, त्यामुळे घरात त्याचं नावच बोक्या पडलं होतं. त्याच्यासाठी ती द्राक्षंसुद्धा उभी चिरायची. त्याच्या सदऱ्याची बटणं रोज ओढून बघायची. ओवणं आटोपलं की टॉर्च घेऊन गुडघ्यांवर अख्खी फरशी तपासायची, आणि नवरा दारातून विचारायचा, “काय इन्स्पेक्टर, लागला का तपास?”

विक्रीच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये ती गाठींची माळ गळ्यात घालून उभी राहिली. नमुना म्हणून. लोक टेबलाकडे बघायच्या आधी तिच्या गळ्याकडे बघत. दुपार होईतो टेबल निम्मं रिकामं झालं. मुख्याध्यापिका जाता-येता थांबून म्हणायच्या, “कमाल केलीत हो!” आणि तिला हसू आवरता आवरत नव्हतं.

तेवढ्यात पिवळा स्वेटर घातलेली एक बाई आली. कडेवर बाळ. कुठल्या वर्गातल्या मुलाची आई की आणखी कुणी, ठाऊक नव्हतं.

“तुमच्या गळ्यातल्यासारखीच द्या,” बाई म्हणाली. “पण मजबूत आहे ना हो? हा आमचा दरोडेखोर गळ्यात काही म्हणून राहू देत नाही.”

तिने तोंड उघडलं. मागे मुख्याध्यापिका उभ्या होत्या. शेजारच्या टेबलावर ती गोड हसणारी आई कान देऊन होती. आणि बाळाने पुढे झुकून हिच्याच गळ्यातली माळ मुठीत धरली नि खेचली. चांगली जोर लावून खेचली. माळ टिकली.

“बघा,” ती म्हणाली. “काही होत नाही.”

सगळ्या हसल्या. बाईने टेबलावरची एक माळ उचलून तिथेच गळ्यात घातली, आणि बाळाने लगेच तिचा एक मणी तोंडात धरला. त्याला खाली दोन दात होते. ते हिला दिसले. मग सुटे देण्यासाठी तिने डबा उघडला आणि लागत होता त्याहून जास्त वेळ त्यात बघत राहिली. मान वर केली तेव्हा पिवळा स्वेटर दारापाशी पोचला होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

संध्याकाळी नणंद विक्रीची खबर घ्यायला आली. बोक्याला मांडीवर घेऊन ही तिला सांगत होती, मुख्याध्यापिका काय म्हणाल्या, टोप्या किती उरल्या. बोक्याने हिच्या गळ्यातली माळ तोंडात घातली, चघळली आणि एक हिसका दिला.

टक.

एक मणी फरशीवर उडाला. तिने बोक्याच्या तोंडात बोट फिरवलं. काही नव्हतं. मोठी टेबलाखाली शिरली. तुटलेली माळ आईच्या मांडीवर पडली होती, बाकीचे मणी जिथल्या तिथे.

“बघितलंस?” नणंदेला कोण आनंद झाला. “एकच पडला! म्हणून तर कानीकपाळी ओरडत होते. तू ऐकलंस म्हणून बरं. हल्ली कोण ऐकतंय!”

मोठीने मणी आणून आईच्या तळहातावर ठेवला. लाळेने ओला होता. तिने आईकडे बघितलं, मग आत्याकडे, मग पुन्हा आईकडे.

“जा, अभ्यास कर,” आई म्हणाली.

मोठी हलली नाही.

“सगळ्या जणी तुझं नाव काढतील बघ आता,” नणंद म्हणत होती.

तिने बोक्याला नणंदेकडे दिलं आणि फोन घेतला. पालकांच्या ग्रुपवर लिहायला लागली. दोरा कच्चा निघाला, दुकानदाराने फसवलं, तरी कृपया... मोठी खांद्याशी उभी राहून वाचत होती. हल्ली तिला जोडाक्षरंही अडत नसत. आईने लिहिलेलं पुसलं. परत लिहिलं. या खेपेला पाठवण्याआधी तिने फोन नणंदेपुढे धरला.

नणंदेने चष्मा शोधला. बोक्याला थोपटता थोपटता वाचू लागली. थोपटणारा हात मध्येच थांबला.

“आधी पाठव,” ती हलकेच म्हणाली. “मग बोलू.”

‘आज ज्यांनी माझ्याकडून माळ घेतली, त्यांनी ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. त्या माळांना गाठी नाहीत. तुटली तर सगळे मणी एकदम सुटतील. गाठी फक्त माझ्या गळ्यातल्या माळेला होत्या. दोरा चांगला आहे. मला गाठी मारायला सांगितलं होतं, मी मारल्या नाहीत. पिवळ्या स्वेटरमध्ये एक बाई होत्या, कडेवर बाळ, खाली दोन दात. त्यांनी मला विचारलंही होतं, मजबूत आहे ना म्हणून. मला त्यांचं नाव माहीत नाही. हे वाचणाऱ्या कुणाच्या त्या शेजारी असतील, नात्यातल्या असतील, तर आत्ताच्या आत्ता फोन लावा. नाही उचलला तर जाऊन या. मला काय बोलायचं ते नंतर बोला. बाळ बरं आहे ना, एवढं बघून या.’